वर्गणी, प्रचारखर्च आणि दोन निकालपत्रे

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण मी दोनदा वाचले. अमेरिकेतील कामगार संघटनांच्या प्रचारखर्चावरचे निकाल तू मेहनतीने जमवले आहेस, यात शंका नाही. पण त्यात एक विधान असे आहे की त्यामुळे पुढची सगळी मांडणी एका बाजूला कलते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या जेनस खटल्यात संघटनेच्या सभासद नसलेल्या कर्मचाऱ्यांकडून सक्तीने घेतली जाणारी राजकीय वर्गणी बंद केली, असे तू लिहिले आहेस. आक्षेप घेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याकडून अशी वर्गणी घेण्यास त्याच न्यायालयाने त्यापूर्वी ४१ वर्षे, म्हणजे १९७७ च्या अबूद खटल्यात, मनाई केलेली होती. डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या त्या खटल्यात न्यायालयाने पैशाचे दोन भाग पाडले: वाटाघाटी आणि तक्रारनिवारण यांचा खर्च सर्वांकडून घेता येईल, राजकीय प्रचाराचा मात्र नाही. संघटनेचा सभासद नसलेल्या मार्क जेनस या इलिनॉय राज्यातील सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून संघटनेसाठी दरमहा ४४.५८ डॉलर कापले जात. ही रक्कम पूर्ण वर्गणीच्या सुमारे ७८ टक्के होती, कारण राजकीय खर्चाचा वाटा त्यातून आधीच वगळलेला होता.

मग २०१८ मध्ये न्यायालयाने नवे काय सांगितले? सरकारशी पगार आणि निवृत्तिवेतनाबद्दल वाटाघाट करणे हाच मुळी सार्वजनिक महत्त्वाचा, म्हणजे राजकीय, विषय आहे; तेव्हा त्या कामासाठीही नाखुशीने एक डॉलर द्यायला लावणे हा अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या, म्हणजे भाषणस्वातंत्र्याच्या, दुरुस्तीचा भंग ठरतो, असे न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी पाच विरुद्ध चार मतांच्या बहुमतासाठी लिहिले. हा निकाल निवडणूक कायद्याचा नव्हे. त्याचा परिणाम संघटनेच्या तिजोरीवर आणि तिथून पुढे प्रचारावर होतो, ही गोष्ट वेगळी, आणि ती तू वेगळीच मांडली पाहिजेस.

आता उमेदवारापासून स्वतंत्रपणे केलेल्या प्रचारखर्चावरची बंदी उठवणाऱ्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाकडे वळू. आपल्याकडची वर्तमानपत्रे या निकालाचे वर्णन 'कंपन्यांना मोकळे रान' असे करतात, आणि त्यात संघटनांचा उल्लेख क्वचितच येतो. वास्तविक जे कलम रद्द झाले त्यात कंपन्या आणि कामगार संघटना शेजारीशेजारी बसलेल्या होत्या. १९४३ साली, युद्धकाळात, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, संघटनांच्या निवडणूक देणग्यांवर तात्पुरती बंदी घातली. त्यावर सीआयओ या कामगार संघटनांच्या महासंघाने सिडनी हिलमन यांच्या नेतृत्वाखाली निवडणूक प्रचारासाठी वेगळी राजकीय कृती समिती स्थापन केली, आणि पुढे कंपन्यांनीही गिरवलेला तो कित्ता मुळात कामगारांचा होता. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने, या वेळी ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून, ती बंदी कायम केली आणि देणगीबरोबर खर्चालाही लागू केली. त्यानंतर न्यायालयाने मूळ घटनात्मक प्रश्नाला हात लावण्याचे दीर्घकाळ टाळले. १९४८ मध्ये सीआयओच्या मुखपत्राने एका उमेदवाराला पाठिंबा दिला तेव्हा हा प्रकार कायद्यात बसतच नाही असे म्हणून न्यायालय मोकळे झाले. १९५७ मध्ये मोटार कामगारांच्या संघटनेने वर्गणीच्या पैशातून दूरचित्रवाणीवर केलेल्या प्रचाराचा खटला त्याने खालच्या न्यायालयात परत पाठवला. हे दोन्ही निकाल तू तळटीपेत ढकलले आहेस. ते वर आण, कारण वर्गणीचा पैसा म्हणजे सभासदाचे मत, की केवळ संघटनेची मालमत्ता, हा वाद तिथे उघडपणे झाला आहे.

२०१० पर्यंत संघटनेला आपल्या सर्वसाधारण निधीतून फक्त आपल्या सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना अमुक उमेदवाराला मत द्या असे सांगता येत असे. शेजारच्या घराचे दार ठोठावायचे तर स्वेच्छेने जमवलेला वेगळा निधी लागे. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांच्या निकालाने ती भिंत पाडली. स्वतंत्र प्रचारखर्च मोकळा झाला. उमेदवाराला थेट देणगी देण्यावरची बंदी मात्र राहिली. देणगी आणि खर्च यांत १९७६ च्या बकली खटल्याने केलेला हा भेद तुझ्या तक्त्यात पुसट झाला आहे.

मी आयुष्यभर औद्योगिक न्यायालयात संघटनांच्या बाजूने उभा राहिलो, त्यामुळे माझा कल तुला ठाऊक आहे. तरीही सांगतो, की हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर तराजू सरळ दिसत नाही. कंपनीच्या राजकीय खर्चावर नाराज असलेल्या भागधारकाला केनेडींनी कंपनीच्या अंतर्गत लोकशाहीकडे, म्हणजे सभेतल्या मतदानाकडे, बोट दाखवले. संघटनेच्या बाबतीत मात्र तिथलीही अंतर्गत निवडणूक पुरेशी मानली गेली नाही. इथे समोरच्या बाजूचे उत्तर तू आधीच दिले पाहिजेस: शेअर माणूस स्वखुशीने घेतो, जेनसच्या पगारातून पैसे कापणारे सरकार होते, आणि घटना बांधते ती सरकारला. हे उत्तर वजनदार आहे. पण १९८८ च्या बेक खटल्यात दूरध्वनी कंपनीचे खासगी कर्मचारी होते, तिथे सरकार मालक नव्हते, आणि तरीही वाटाघाटीबाहेरचा खर्च नाकारण्याचा हक्क न्यायालयाने कामगार कायद्याच्या आधारे त्यांना दिला. खासगी कंपनीच्या भागधारकाला तसा हक्क अमेरिकेत कोणी दिलेला नाही. तुझ्या प्रबंधाचा कणा मला इथे दिसतो.

आपल्या देशाशी तुलना करण्याचा मोह आवर, असे मी म्हणणार होतो. पण एक धागा खरा आहे. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये लॉर्ड्स सभागृहाने ऑस्बोर्न खटल्यात रेल्वे कामगारांच्या संघटनेला राजकीय खर्चास मनाई केली, १९१३ च्या कायद्याने स्वतंत्र राजकीय निधीची वाट काढली, आणि त्याच धर्तीवर आपल्या १९२६ च्या कामगार संघटना कायद्याच्या सोळाव्या कलमाने वेगळा निधी ठेवून त्यात पैसे देण्याची सक्ती सभासदावर करता येणार नाही असे ठरवले. उलट १९५७ मध्ये टाटा पोलाद कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून उद्दिष्टांत बदल करण्याची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने दिली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी लोकशाहीला असलेल्या धोक्याचा स्पष्ट इशारा दिला, पण नाराज भागधारकासाठी सोळाव्या कलमासारखी सोय कुठे नव्हती. एवढा एक परिच्छेद पुरे.

आणखी एक काम कर. निकालपत्रांवरून पैशाचा अंदाज बांधू नकोस. १९५९ च्या कायद्यानुसार अमेरिकेतील मोठ्या संघटना श्रम खात्याकडे दरवर्षी एलएम-२ नावाचे विवरणपत्र भरतात आणि त्यात राजकीय कार्य व लॉबिंग यांचा खर्च स्वतंत्र अनुसूचीत दाखवतात. ते कोणालाही पाहता येते. कंपन्यांना असे सर्वंकष विवरण भरावे लागत नाही, हीदेखील नोंद घ्यायला हवी. तू निवडलेल्या संघटनेची २०१७ ते २०१९ ही तीन वर्षे काढ, सभासदसंख्या, वर्गणीचे उत्पन्न आणि राजकीय खर्च असे तीन रकाने कर, आणि दुसरे प्रकरण लिहिण्याआधी तो कागद मला पाठव.

तुझा,
सर