नोटरी केली म्हणजे प्लॉट नावावर झाला का?

प्रश्न: ताई, गावाबाहेर दोन गुंठ्यांचा प्लॉट बघितलाय. मालक म्हणतात रजिस्ट्री सध्या होत नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो, इथे सगळ्यांनी असंच घेतलंय. पैसे देऊ का?

उत्तर: दादा, नका देऊ. नोटरी म्हणजे १९५२ च्या कायद्याखाली सरकारने नेमलेला वकील, तुम्ही त्याच्यासमोर सही करता, तो आधार वगैरे बघून माणूस तोच आहे ना ते बघतो, रजिस्टरला नोंद करून तिथेही सही घेतो आणि मग तिकीट लावून शिक्का मारतो, झालं त्याचं काम. सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, बँकेचा बोजा आहे का, बहिणींचा हिस्सा आहे का, यातलं काहीच तो तपासत नाही. त्यामुळे हाच प्लॉट मालकाने अजून तिघांना नोटरी करून दिला तरी चारही कागदांवर शिक्के खरेच असतील, आणि मालकी चौघांपैकी एकाकडेही नसेल.

शंभर रुपये आणि त्यापुढच्या किमतीच्या स्थावर मालमत्तेचं खरेदीखत नोंदवावंच लागतं, १९०८ चा नोंदणी कायदा, कलम १७. नुसतं साठेखत (पुढे विकण्याचा करार) आणि मुखत्यारपत्र देऊन जमिनीची मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. नोटरीच्या कागदावर फेरफारही, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलणंही, होत नाही, मग मालक वारला की त्याची मुलं दारात उभी राहतात आणि आयुष्यभराची कमाई कोर्टात अडकते, याचं मला फार वाईट वाटतं.

रजिस्ट्री का होत नाही हे मालकाला नाही, दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे जिथे रजिस्ट्री होते तिथे, स्वतः जाऊन विचारा. बहुतेक तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार छोटे तुकडे करून विकायला बंदी, आडवी येत असेल, ते नियम अलीकडे बदललेत, तुमचा तुकडा आता बसतो का बघा. बसत असेल तर सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) काढून खरेदीखतच करा.

प्रश्न: मग भाडेकरार नोटरीवर चालतो का? एजंट म्हणतो चालतो.

उत्तर: नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटरी लागते ती प्रतिज्ञापत्राला, शिक्षणातल्या गॅपसाठी, नावातल्या फरकासाठी वगैरे. तेव्हाही स्वतः जा, तुम्ही येऊ नका मी शिक्का मारून आणतो म्हणणाऱ्याला कागद देऊ नका.