नवी पिन, जुना खडखडाट

प्रश्न : रे रोडला आमची लाकडाची वखार आहे. सागवानाचे आयात केलेले ओंडके हाताळण्यासाठी एक्सकॅव्हेटरला लोंबता पंजा बसवला आहे. हा पंजा ८० मिमीच्या ज्या पिनेवर टांगलेला आहे, तो सांधा इतका सैल झाला आहे की ओंडका उचलताच पंजा हेलकावतो. दिवाळीत नवी पिन घातली, पण दोन महिन्यांत पुन्हा तोच खडखडाट सुरू झाला. आता एक वेल्डर भोकात वेल्डिंग भरून ग्राइंडरने घासून देतो म्हणतो, तर दुसरा मिस्त्री जाड पिन सुचवतो. कोणाचे ऐकावे?
— एक वखारमालक, मुंबई

उत्तर : पिन बदलूनही खडखडाट दोन महिन्यांत परत आला, त्या अर्थी झीज केवळ पिनेची नाही. अशा सांध्यात पिनेचा पृष्ठभाग कडक केलेला असतो आणि झिजण्याचे काम बुशकडे (पिनेभोवती बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या नळीकडे) सोपवलेले असते. बुश वेळेवर बदलला नाही, तर तो आपल्या घरात फिरू लागतो आणि मग ज्या कानांमध्ये (सांध्याच्या दोन बाजूंच्या भोकाच्या जाड पाट्यांमध्ये) तो बसतो त्यांचीच भोके लांबट होतात. तेव्हा प्रथम पंजा जमिनीवर टेकवून, बूमला (यंत्राच्या मुख्य हाताला) भक्कम आधार देऊन, हायड्रॉलिक दाब सोडून सांधा उघडावा आणि पिन, बुश व कानांचे भोक ही तिन्ही मापे दोन आडव्या-उभ्या दिशांनी वेगवेगळी घ्यावीत. या आकाराच्या नव्या सांध्यात पिन व बुश यांच्यातील अंतर साधारण ०.२ ते ०.३ मिमी असते. ते दीड मिमीच्या आसपास गेले असेल, तर बुश बदलण्याची वेळ झाली असे समजावे. मात्र अंतिम मर्यादा यंत्राच्या पुस्तिकेतलीच धरावी.

भोक गोल राहिले असेल, तर नवा बुश व नवी पिन एवढ्यावर काम भागते. ते लांबट झाले असेल, तर तुमच्या दोन्ही सल्लागारांचे मला पटत नाही. ग्राइंडरने घासलेले भोक डोळ्यांना गोल दिसते, पण समोरासमोरची दोन भोके एका रेषेत येत नाहीत, आणि तिरपी बसलेली पिन बुशच्या फक्त कडांवर भार टाकून तो पुन्हा खाते. जाड पिनेसाठी दोन्ही बाजूंची भोके वाढवावी लागतात. कानांची भिंत पातळ होते आणि पुढे कंपनीचा सुटा भाग कधीच जुळत नाही. (पिनेभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळण्याचा आणखी एक लाडका उपाय आहे, तो आठवडाभरही टिकत नाही.)

योग्य मार्ग म्हणजे भोकात वेल्डिंगचा थर चढवून, दोन्ही कानांतून एकच दांडा घालून जागेवरच लाइन बोरिंग करणे, म्हणजे दोन्ही भोके एका रेषेत कोरून काढणे. बोरिंगचे यंत्र उचलून आणता येते, त्यामुळे एक्सकॅव्हेटर कारखान्यात न्यावा लागत नाही. दांड्याची रेषा भोकाच्या न झिजलेल्या कडेवरून जुळवावी. झिजलेल्या भागावरून जुळवली, तर मूळ चूकच नव्याने कोरली जाते. वेल्डिंगसाठी ७०१८ जातीचे (कमी हायड्रोजनचे) इलेक्ट्रोड वापरावेत. पावसाळ्यातल्या मुंबईच्या हवेत उघड्या पुड्यातले इलेक्ट्रोड ओलावा धरतात आणि जाड पोलादाला नंतर तडे जातात, म्हणून ते ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घ्यावेत. जाड कानही १०० ते १५० अंशांपर्यंत तापवावेत आणि काम झाल्यावर झाकून सावकाश थंड होऊ द्यावेत. बॅटरीची वायर काढलेली असावी आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ असावा. अन्यथा प्रवाह बेअरिंगमधून किंवा सिलिंडरमधून वाट काढतो.

नवा बुश घणाने ठोकू नये, कारण त्याचे तोंड दबून आतील माप घटते. द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेला ८० मिमीचा पोलादी बुश ०.१५ मिमीच्या आसपास आकसतो आणि हाताने सरकतो (जाड हातमोजे व मोकळी हवा हवीच). ग्रीसचे छिद्र मात्र आधी जुळवून ठेवावे. बुश पुन्हा तापून फुगला की तो फिरवता येत नाही. भोके जुळली का, हे बोट घालून कधीही तपासू नये.

पंजा लोंबता असल्याने ऑपरेटर ओंडका आडवा ओढत असेल, तर हा सांधा पुन्हा झिजेल. ओंडका आधी उचलावा आणि मग वळवावा. ग्रीस दर पाळीला, पंजा जमिनीवर टेकवून द्यावे. भार उतरला की पिनेच्या दाबल्या जाणाऱ्या बाजूलाही ग्रीस पोहोचते. सालीचा भुसा मिसळलेले जुने काळे ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत गन चालवावी.

प्रश्न : झिजलेली पिन वेल्डिंगने भरून लेथवर काढली तर चालेल का?
— एक टर्नर, शिवडी

उत्तर : चालणार नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पिनेचा कडक थर काही ठिकाणी मऊ पडतो, काही ठिकाणी ठिसूळ होतो, आणि पिन भाराखाली तिथेच तुटू शकते. एन १९ (एक मिश्र पोलाद) किंवा त्या तोडीच्या पोलादाची नवी पिन वळवून तिला इंडक्शन हार्डनिंग (विजेने वरचा थर तापवून कडक करणे) करून घ्यावे. जुनी पिन काढताना तिच्यावर थेट घण मारू नये. कडक पोलादाची कपची डोळ्यात उडते. मध्ये पितळी दांडा धरावा.