आजारात शरीरातला एखादा घटक कमी होतो, मग तो बाहेरून दिला की आजार बरा का होत नाही?

काही वेळा तेवढ्यानं खरंच भागतं. टाइप १ मधुमेहात इन्शुलिन बनणं जवळपास थांबतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला ते टोचून देणं सुरू झालं आणि मरणाच्या दारातलं पोर सावरलं. तिथे कमतरता हेच दुखण्याचं मूळ होतं. पण 'कमी आढळलं' म्हणजे 'त्यामुळेच झालं' असं धरून चालता येत नाही.

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की दिवसभर एकच प्रश्न कानावर येतो, "ताई, प्लेटलेट किती?" रक्त गोठायला मदत करणाऱ्या या पेशींचा आकडा दीड लाखाखाली दिसला की नातेवाईक रक्तपेढीचे नंबर शोधू लागतात. त्यांची घालमेल मला कळते. पण डेंग्यूत अस्थिमज्जेत प्लेटलेट कमी बनतात आणि बनलेल्याही प्रतिकारशक्तीच्या गडबडीत नष्ट होतात. ते चालू असेपर्यंत बाहेरून चढवलेल्याही फार टिकत नाहीत. सिंगापूर आणि मलेशियातल्या ३७२ प्रौढ रुग्णांवर हे तपासलं गेलं. त्यांचा काउंट २० हजार किंवा त्याहून कमी होता, पण गंभीर रक्तस्राव नव्हता. २०१७ साली निष्कर्ष आले: प्लेटलेट चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास जास्त जणांना झाला. रक्तस्राव होत असेल किंवा काउंट अगदीच तळाला गेला असेल तर गोष्ट वेगळी, तो निर्णय डॉक्टरांचा. खरा धोका बहुतेकदा ताप उतरताना असतो, कारण तेव्हा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, झिरपतो. म्हणून त्याच रिपोर्टमधली हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा, आकडा वाढतोय का, तेही डॉक्टरांना विचारा.

कधी तर काउंट मुळात कमी नसतोच. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनच्या मोजणीतून सुटतात. स्लाइड लावली की कडेला त्यांचे पुंजके दिसतात. मग निळ्या बुचाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते लोहाचं. जंतुसंसर्गात रक्तातलं लोह उतरतं, कारण शरीरच ते लपवतं. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, लोह पेशींत अडकून राहतं आणि जंतूंना सहज मिळत नाही. टांझानियाच्या पेम्बा बेटावर, जिथे मलेरिया भरपूर, तिथे लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिलं. गंभीर आजारपणं आणि मृत्यू वाढल्यामुळे ते देणं मध्येच थांबवावं लागलं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं.

म्हणून अंगात ताप असताना सीरम आयर्न (रक्तातलं लोह) कमी आलं, तर स्वतःच्या मनानं गोळ्या सुरू करू नका. बरं झाल्यावर लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनसकट पुन्हा तपासा. ज्यांची कमतरता पक्की ठरली आहे त्यांनी, विशेषतः गरोदर बायकांनी, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र हे वाचून सोडू नयेत.