शिक्षा भोगल्यानंतरही पुन्हा गुन्हा का?

प्रश्न : चोरीची शिक्षा भोगून सुटलेला माणूस पुन्हा चोरी करतो, तेव्हा दोष त्याच्या स्वभावाचा मानावा की समाजाचा?

उत्तर : स्वभावाचा वाटा नाकारता येत नाही, परंतु शिक्षेनंतर त्या माणसाशी इतर लोक कसे वागतात, हेही समाजशास्त्र तितक्याच बारकाईने पाहते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये प्राथमिक आणि दुय्यम विचलन (म्हणजे समाजाचे नियम मोडणारे वर्तन) असा भेद केला. लहानसहान नियमभंग पुष्कळांच्या हातून होतात आणि विसरलेही जातात; हे प्राथमिक विचलन. मात्र पकडल्या गेलेल्या माणसाला सगळे 'चोर' म्हणूनच ओळखू लागले, काम मिळेनासे झाले, जुने मित्र दुरावले, की तो स्वतःकडेही त्याच नजरेने पाहू लागतो, आणि त्या ओळखीतून घडणारे पुढचे नियमभंग म्हणजे दुय्यम विचलन. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये हा विचार अधिक विस्ताराने मांडला.

पहिली चोरी का घडली, हे मात्र या सिद्धांतातून फारसे कळत नाही, आणि ही त्याची मोठी उणीव आहे. त्यासाठी रॉबर्ट मर्टन यांची १९३८ मधील मांडणी मला अधिक उपयोगी वाटते : संपत्तीचे ध्येय सर्वांपुढे ठेवले जाते, पण ते गाठण्याचे वैध मार्ग सर्वांना सारखे खुले नसतात.

आपल्या प्रश्नापुरते ट्रॅव्हिस हर्शी यांचे १९६९ मधील प्रतिपादनही महत्त्वाचे आहे. जिव्हाळ्याची नाती आणि गमावण्यासारखे काहीतरी हाताशी असणे यांमुळे माणसे नियम पाळतात, असे ते म्हणतात. दीर्घ कारावासात नेमके हेच बंध तुटतात, म्हणून सुटकेनंतरचे काम आणि कुटुंबाशी टिकलेला संपर्क यांना मी शिक्षेइतकेच महत्त्व देईन.