खोली मिळाली, तरी ते पुन्हा पायरीवर का आले?

प्रश्न : आमच्या इमारतीसमोरच्या दुकानाच्या पायरीवर पन्नाशीचे एक गृहस्थ कित्येक वर्षे झोपत असत. लग्नसराईत ते केटररकडे वाढप्याचे काम करतात, व्यसन कसलेही नाही. आम्ही चार कुटुंबांनी वर्गणी काढून, अनामत भरून त्यांना शहराबाहेर एक खोली भाड्याने घेऊन दिली. दोन महिन्यांत ते न सांगता पुन्हा त्याच पायरीवर आले. आमचे काय चुकले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला प्रयत्न वाया गेला असे कृपा करून मानू नका. रस्त्यावर वर्षे काढलेला माणूस पहिल्या खोलीत टिकला नाही, तर ती त्याची कृतघ्नता नव्हे. मी पाहिलेले एक आजोबा खोली मिळाल्यावरही तीन आठवडे दाराशीच, पिशवी उशाला आणि चपला पोटाशी घेऊन झोपत, कारण फूटपाथवर डोळा लागला की आधी चपलाच जातात.

पायरी म्हणजे या गृहस्थांसाठी केवळ झोपायची जागा नव्हती. चहावाल्याची ओळख होती आणि केटररचा निरोपही तिथेच येत असणार. शहराबाहेरच्या खोलीत हे सारे एकदम तुटले. त्यातच चातुर्मास आला असेल, तर लग्ने थांबतात, वाढप्याच्या हाताला काम उरत नाही, भाडे थकते आणि ज्यांनी उपकार केले त्यांना तोंड कसे दाखवायचे या संकोचाने माणूस निघून जातो. माझ्या अनुभवात खोली सुटण्याचे सर्वांत मोठे कारण हा संकोचच असतो.

भाडेकरार कोणाच्या नावावर होता? आपल्या नावावर असेल, तर त्यांच्या लेखी ते पाहुण्याचे घर होते. पुढच्या वेळी करार त्यांच्याच नावाने करा. त्यासाठी कागदपत्रे नसतील, तर महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात चौकशी करा. लाखभर लोकवस्तीमागे एक, बाराही महिने आणि चोवीस तास उघडा निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बजावले आणि 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात अशा निवाऱ्यांची तरतूद झाली. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र आधार कार्डासाठी चालते, आणि आधार हाती आले की बँकखाते व शिधापत्रिका यांची वाट पुष्कळ सोपी होते.

फिनलंडने 2008 पासून ‘आधी घर’ हे धोरण राबवले. तिथे माणूस सुधारला की घर, अशी अट घालत नाहीत. पक्के घर आधी मिळते, भाडेकरार त्याच्याच नावाचा असतो आणि त्यानंतरही आधार देणारे कार्यकर्ते सोबत राहतात. मात्र तिथे भाड्याला सरकारी भत्त्याचा टेकू आहे, आपल्याकडे तो नाही. म्हणून आपल्या चार कुटुंबांची वर्गणी अनामतीत संपवण्याऐवजी बिनकामाच्या महिन्यांतले अर्धे भाडे म्हणून राखून ठेवावी, आणि लग्नसराईत उरलेले अर्धे त्यांनीच स्वतःच्या खात्यात साठवावे, हे दोघांनी मिळून आधीच ठरवावे.

आता एखाद्या सकाळी पायरीवर जाऊन त्यांच्यासोबत चहा घ्या, पण थकलेल्या भाड्याचा विषय काढू नका. खोली कुठे असती तर बरे झाले असते, हे त्यांनाच विचारा. बहुधा ते याच गल्लीचे नाव घेतील.