लॅटिनमध्ये गाण्याला कार्मेन म्हणतात की कार्मिना? आणि कार्मिना स्त्रीलिंगी आहे का?

दोन्ही बरोबर, पण स्त्रीलिंगी एकही नाही. कार्मेन म्हणजे एक गाणं, कार्मिना म्हणजे अनेक गाणी, आणि शब्द नपुंसकलिंगी आहे.

शेवटी आ आला की लॅटिनमध्ये बहुतेक वेळा स्त्रीलिंगी एकवचन असतं, पुएल्ला म्हणजे मुलगी, म्हणून घोळ होतो. त्यात विशेषणही सारखंच, बोना पुएल्ला म्हणजे चांगली मुलगी आणि बोना कार्मिना म्हणजे चांगली गाणी. पण आता हेच मराठीत म्हणून बघा ना, "ती चांगली मुलगी" आणि "ती चांगली गाणी", आपल्याकडेही नपुंसकलिंगी अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचनासारखंच दिसतं! हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे मराठी माणसाला हे समजायला खरंच सोपं जातं, मला हे लक्षात आलं तेव्हा प्रचंड आनंद झाला होता.

बाकी रूपं कार्मिन् या अंगावरून, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीच्या रूपावरून होतात, कार्मिनिस म्हणजे गाण्याचं, कार्मिनिबुस म्हणजे गाण्यांना किंवा गाण्यांनी. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर नामन् आठवा, नाम-नामानि, लॅटिनमध्ये नोमेन-नोमिना, तोच मूळ शब्द आणि तोच मन् प्रत्यय. कार्मेनमध्येही तोच आहे, कानो म्हणजे "मी गातो", त्याला मेन लागून कान्मेन आणि मग न चा र झाला.

अर्थ मात्र फक्त "गाणं" एवढाच धरू नका. कविता, मंत्र, जादूटोण्याचे शब्द, सगळ्याला कार्मेनच. इ.स.पू. 450 च्या सुमाराच्या रोमन बारा पाट्यांच्या कायद्यात वाईट कार्मेन म्हणणं हा गुन्हा होता. रोमन कवी व्हर्जिलच्या एका कवितेत तर कार्मिना चंद्रालाही आकाशातून खाली ओढू शकतात, तिथे "गाणी" असं भाषांतर केलं तर मजाच जाते, "मंत्र" हवं. इंग्रजीतला चार्म यातूनच आलाय. आणि इ.स. 8 मध्ये हद्दपार झालेला रोमन कवी ओव्हिड त्याचं कारण सांगतो "एक कार्मेन आणि एक चूक", तिथे अर्थ कविता.

नुसतं गायन किंवा पक्ष्याचा आवाज म्हणायचं असेल तर कांतुस जास्त चांगला, तो पुल्लिंगी.

आणि हो, 1875 च्या ऑपेरातली कार्मेन आठवली असेल, तर ते स्पॅनिश नाव कार्मेल डोंगराच्या मारियामातेवरून आलंय, गाण्यावरून नाही.