हॅलिफॅक्समधला 'फॅक्स' म्हणजे चेहरा नव्हे

विचारलंय असं की इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावाच्या नावाचा अर्थ 'पवित्र चेहरा' आहे का, आणि लॉर्ड आयर्विन नि लॉर्ड हॅलिफॅक्स एकमेकांचे कोण लागतात?

दुसरं आधी उरकतो. माणूस एकच आहे हो. १९३१ मध्ये गांधीजींशी करार करणारा व्हाइसरॉय आयर्विन, १९३४ मध्ये त्याचे वडील वारले आणि त्यांची पदवी याच्याकडे आली, म्हणून १९३८ मधला परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स तोही हाच. सांगलीचा १९२९ चा आयर्विन पूल याच्याच नावाचा. आणि शाळेत घोकलेला १८५४ चा 'वुडचा खलिता' याच्या आजोबांचा, चार्ल्स वुड यांचा. ते कितीतरी वर्षं हॅलिफॅक्सचे खासदार होते, १८६६ मध्ये सरदारकी मिळाली तेव्हा पदवीत गावाचं नाव घेतलं. कॅनडातल्या हॅलिफॅक्सला १७४९ मध्ये ज्याचं नाव दिलं तो अर्ल वेगळ्याच घराण्यातला.

आता गाव. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातलं, लोकरीच्या कापडाचं. 'होली फेस' ही व्युत्पत्ती कृपा करून पसरवू नका, दर वेळी कोणीतरी छातीठोकपणे सांगतं. तिथल्या जुन्या चर्चचा संत बाप्तिस्मा देणारा योहान, त्याचं मस्तक गावाच्या चिन्हावरही आहे, त्यामुळे गोष्ट जुळल्यासारखी वाटते एवढंच. 'फेस' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तोच तेराव्या शतकाच्या आसपास, गावाचं नाव त्याच्या आधीचं आहे, मग ते त्या शब्दावरून पडेल कसं?

'फॅक्स' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'फेआक्स', म्हणजे केस! इथवर कॅम्डन हा जुना इतिहासकार बरोबर होता, पण पुढे त्याने तिथल्या लोकांकडून ऐकलेली कथा दिलीय की एका पाद्र्याने नकार देणाऱ्या मुलीचं डोकं उडवलं, ते झाडावर टांगलं, सालीखालच्या तंतूंना लोक तिचे केस मानून पुजायला लागले म्हणून 'पवित्र केस'. नाव आधी असतं आणि गोष्ट मागून चिकटते, हे कॅम्डनला कळायला हवं होतं. स्थलनामांचे अभ्यासक 'हाल्ह' म्हणजे डोंगरातला खोलगट कोपरा आणि 'गेफेआक्से' म्हणजे केसांसारखं राठ गवत असं फोडतात, आणि मला तेच पटतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. हा 'फेआक्स' आपल्या संस्कृत 'पक्ष्म'चा भाऊ! पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. 'प'चा तिकडे 'फ' होतो, पितृ-फादर, पाद-फूट, तसंच हे. दोन्हींच्या मुळाशी लोकर उपटणं, विंचरणं असा अर्थ असलेला धातू मानतात, ग्रीकमध्ये 'पोकोस' म्हणजे मेंढीची लोकर तीही त्यातलीच. आणि हे गाव जगलं कशावर? लोकरीवर! आसपासचे विणकर घरच्या मागावर विणलेले तागे विकायला आणायचे, त्यासाठी १७७९ मध्ये पीस हॉल उघडला, मधे मोठं पटांगण आणि चारी बाजूंनी व्यापाऱ्यांच्या तीनशेहून जास्त खोल्या, तो अजून उभा आहे. गावाच्या नावात लोकरीचा धातू आणि गावाचा धंदाही लोकरीचा! नाव गवतावरून पडलं हे मान्य, म्हणजे हा योगायोगच म्हणायचा, पण इतका सुरेख योगायोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आणि हो, फेअरफॅक्स आडनावातही हाच 'फॅक्स' आहे, अर्थ 'सुंदर केसांचा'. तिथेही 'गोरा चेहरा' सांगणारे भेटतात, त्यांनाही हेच उत्तर.